पन्नासपैकी गुण

गुण देण्याचे काम मला नवे नाही. धर्मग्रामाची शाळा, बायबल प्रश्नमंजूषा, नाताळगीतांच्या स्पर्धा, रविवारच्या धर्मशिक्षणवर्गाच्या उत्तरपत्रिका. धर्मगुरूच्या आयुष्यातील बराच काळ परीक्षकाच्या खुर्चीत जातो. कुणालाही न दुखवता पहिला क्रमांक कसा काढावा, ही विद्या सेमिनरीत शिकवीत नाहीत. ती पाच-सहा वर्षांत आपोआप अंगवळणी पडते. परंतु बिअरच्या पेल्यांना गुण देण्याचा प्रसंग माझ्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते. हे वाचून काही भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

या प्रकरणाची सुरुवात माझ्या धाकट्या बहिणीपासून होते. ती सोलापुरातच राहते. तिचे यजमान येथील एका कापडगिरणीत कामाला होते. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळे लावणारे हे शहर. भोंगे एकामागून एक मुके होत गेले आणि हजारो घरांतील वेळेचे गणितच बिघडले. माझे मेहुणे वाईट मनुष्य नव्हते. गिरणी चालू होती तेव्हा शनिवारी थोडी घेत. गिरणी बंद पडल्यावर त्यांचे सगळेच वार शनिवार झाले. विलायती परवडेना तेव्हा देशी, देशी परवडेना तेव्हा हातभट्टी. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. बहिणीने शाळांचे गणवेश शिवून दोन मुले वाढवली. सोलापूरचे गणवेश देशभर जातात. त्यांतील किती शर्टांची काजे तिच्या हातची असतील, कोण जाणे.

थोरला मुलगा पुण्याला जाऊन सूक्ष्मजीवशास्त्र शिकला. प्रथम एका दुग्धालयात लागला. दह्याच्या विरजणावर त्याची नजर असे, आणि आईचा जीव थंड होता. तीन वर्षांपूर्वी त्याने ती नोकरी सोडली आणि पुण्यातील एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच थोडी थोडी बिअर तयार करून तेथेच विकणाऱ्या छोट्या कारखान्यात, तो रुजू झाला. ही बातमी बहिणीने मला फोनवर सांगितली. आमच्या घरातही मला सगळे ‘फादर’ म्हणतात. ती मात्र फार अडचणीत असली की ‘दादा’ म्हणते. “दादा, तू एकदा जाऊन बघून ये. तो तिथं काय करतो, ते मला खरं खरं सांग.” एवढेच ती बोलली. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने मी पुण्याला गेलो.

पुणे हे या नव्या उद्योगाचे महाराष्ट्रातील आद्यपीठ म्हणावे लागेल. २००९ साली तेथे ‘डूलाली’ नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. २०१४ मध्ये मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी’ आली आणि त्याच सुमारास डोंबिवलीत ‘गेटवे’. यांतील ‘डूलाली’ हे नाव आपल्याच मातीतले आहे. नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रजांची लष्करी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोजिर मायदेशीच्या बोटीची वाट पाहत तेथे महिनोन्‌महिने पडून असत. काम नाही, ऊन मरणाचे, हाताशी दारू आणि अंगात ताप. काहींची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला तापच. कामावाचून बसलेला पुरुष आणि दारू यांचे नाते सोलापूरच्या गिरणगावाने जे पाहिले, ते देवळालीने शंभर वर्षे आधीच पाहिले होते. एका मद्यालयाने हे नाव हौसेने धारण करावे, याचे मला नवल वाटते.

भाच्याच्या ब्रुअरीचे नाव मी येथे देत नाही. परगण्याच्या फादरांनी जाहिरात केली असे व्हायला नको. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हते. काचेपलीकडे स्टीलची उंच पिंपे ओळीने उभी होती आणि आमचे चिरंजीव रबरी बूट घालून फरशी धूत होते. “मामा, या धंद्यात बारा आणे काम धुण्याचंच असतं,” तो म्हणाला. बहिणीला सांगण्यासारखी ही पहिली गोष्ट मी मनात टिपून ठेवली.

मग त्याने कृती समजावली. जव भिजवून त्याला मोड आणतात आणि मोड वाढण्याच्या आत तो वाळवतात. याला माल्ट म्हणायचे. नाचणीचे सत्त्व करताना आपल्या बायका हेच करतात. मोड येताना दाण्यात असे पाचक रस तयार होतात की जे पिठुळ भागाची साखर करतात. भरडलेला माल्ट ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की गोड पाणी सुटते, ते ‘वर्ट’. ते गाळून उकळायचे, उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची वाळलेली फुले टाकायची. हॉप्सचा कडवटपणा गोडाला आवर घालतो आणि बिअर टिकवतोही. मग ते निववून त्यात यीस्ट सोडायचे. पुढचे काम त्या अदृश्य जिवांचे. १५१६ सालच्या बव्हेरियातील प्रसिद्ध कायद्याने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घालण्याची मुभा दिली होती. त्यात यीस्टचा उल्लेख नाही, कारण ते काय असते हे कुणाला ठाऊकच नव्हते. ते गूढ उलगडायला लुई पाश्चर यांचे शतक उजाडावे लागले. त्यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ सालचा. तोवर मठांतील बंधुजन प्रार्थना करून झाकण लावीत आणि वाट पाहत. रोमन विधिग्रंथात बिअरवर म्हणावयाची आशीर्वादाची प्रार्थना आहे, हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो धुण्याचा पाइप हातात धरून उभाच राहिला.

गुणांचा प्रकार त्यानंतरचा. त्याने माझ्यापुढे चार छोटे पेले ठेवले. प्रत्येकात शंभर मिलिलिटरच्या आसपास बिअर. शेजारी एक छापील तक्ता आणि पेन्सिल. बिअरच्या परीक्षकांची एक अमेरिकन संस्था १९८५ पासून चालते. तिच्या तक्त्यात एकूण गुण पन्नास. वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडात जाणवणाऱ्या स्पर्शाला पाच आणि एकंदर परिणामाला दहा. रूपाला पन्नासपैकी अवघे तीन! विवाहापूर्वीच्या मार्गदर्शनवर्गात हा तक्ता भिंतीवर लावावा असे मला तत्क्षणी वाटले. पेल्यांवर नावे नव्हती, फक्त आकडे होते. परीक्षकाला बिअर कुणाची हे कळू देत नाहीत. काना गावच्या लग्नातील भोजनकारभारी मला आठवला. तोही अशाच अज्ञानात होता. द्राक्षारस कोठून आला हे त्याला माहीत नव्हते, म्हणून तर त्याच्या निर्णयाला मोल आहे.

पहिला पेला फिकट आणि ढगाळ. नाकाशी नेताच ओळखीचा वास आला, पण नाव सुचेना. मग लक्षात आले, धने! धने आणि संत्र्याची साल. बेल्जियमच्या हुगार्डन गावातील ही जुनी पद्धत बंद पडली होती. पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने ती १९६०च्या दशकात पुन्हा सुरू केली. आपल्या मसाल्याच्या डब्यातील वस्तू तेथे सापडावी याची गंमत वाटली. तरी चव पाणचट होती. मी तेहतीस दिले. दुसऱ्यात पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. यात केळेही नाही आणि लवंगही नाही, दोन्ही वास यीस्टच निर्माण करते, असे भाचा म्हणाला. ही दक्षिण जर्मनीची गव्हाची बिअर. पहिल्या महायुद्धापर्यंत आमचे पुणे मिशन जर्मन जेज्विटांच्या हाती होते. सोलापूरच्या उन्हात घोड्यावरून फिरताना त्यांच्यापैकी कुणाला तरी हा वास आठवला असणारच. अडतीस. तिसरा पेला इंडिया पेल एलचा. नावात आपला देश, पण प्यायचे इंग्रज. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात लंडनहून ही बिअर गलबतांतून मुंबई-कलकत्त्याला येई. कारल्याची भाजी आवडीने खाणारा मी मनुष्य. पण कारल्याला निदान गूळ लावतात. सत्तावीस.

चौथा पेला काळाभोर. भाजलेल्या जवाचा, कॉफीचा वास. मी आईच्या हातची शेंगांची चटणी, म्हणजे आता बहिणीच्या हातची, पिशवीतून नेली होती. आमच्या सोलापूरकरांची पिशवी तिच्याशिवाय गाव सोडीत नाही. चिमूटभर चटणी आणि त्यावर त्या काळ्या बिअरचा एक घोट, हे जमते. परंतु त्या वासाच्या तळाशी दुसरा एक वास होता, लोण्याचा. मी शेऱ्याच्या रकान्यात ‘लोण्याचा वास’ असे लिहिले आणि एकतीस गुण दिले. मग भाच्याने आपला तक्ता पुढे केला. आदल्या दिवशी त्याने हीच बिअर चाखली होती. त्याचे गुण होते सव्वीस, आणि शेऱ्यात तेच शब्द. यीस्टला काम उरकायला पुरेसा वेळ दिला नाही की हा लोण्याचा दोष राहतो. दोन दिवस अधिक थांबले असते तर यीस्टने तो स्वतःच गिळून टाकला असता. “ही माझीच आहे, मामा. घाई झाली.” मालकाला काय सांगितलेस, असे मी विचारले. “हेच सांगितलं. पुढची खेप दोन दिवस उशिरा निघेल.”

बहिणीला सांगण्यासारखी ही दुसरी गोष्ट. बापाने आयुष्यात एकाही पेल्याला सव्वीस गुण दिले नव्हते.

गुण देण्याघेण्याच्या या वेडाची एक कथा सांगण्यासारखी आहे. मी पुण्याच्या पेपल सेमिनरीत होतो. ती मूळची कँडीची. बेल्जियन जेज्विटांनी वाढवलेली, १९५५ साली पुण्यास आलेली. आमच्या वेळी त्या पिढीतील एक वयोवृद्ध प्राध्यापक तेथे होते. नीतिशास्त्र शिकवताना मद्याचा विषय निघाला की ते आपल्या मायदेशातील ट्रॅपिस्ट मठांविषयी बोलत. पहाटे उठून मौनात बिअर तयार करणारे संन्यासी. आणि तीही गरजेपुरती, कारण मठाचा खर्च भागवायचा असतो. पुढे २००५ मध्ये जगभरच्या हौशी लोकांच्या मतदानात त्यांतल्याच वेस्टव्लेटेरेन येथील संत सिक्स्टस मठाची बिअर जगात पहिली आली. मठाच्या दारात मोटारींची रांग लागली आणि साठा संपला. कोणत्याही व्यापाऱ्याने कारखाना दुप्पट केला असता. मठाधिपतींनी साफ नकार दिला. आम्हाला जगायला पुरते तेवढीच करू, हे त्यांचे धोरण. त्यांच्या बाटलीवर लेबलसुद्धा नसे, नुसते झाकण. पुढे मठाच्या बांधकामाला पैसा हवा होता तेव्हा २०१२ मध्ये त्यांनी काही पेट्या परदेशी पाठवल्या, आणि पुन्हा दार लावून घेतले. पन्नासपैकी पन्नास मिळाल्यावर काय करायचे, हे इतके चांगले कुणाला समजल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

परंतु वाचकहो, मी मठात राहत नाही. मी सोलापुरात राहतो. येथे मद्य म्हटले की डोळ्यांपुढे वेगळे चित्र येते. गूळ, नवसागर आणि कुजलेले पाणी. ‘गूळमिश्रित रसायन नष्ट’ ही बातमी आमच्या वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे इतक्यांदा आली की ती कुणी वाचीतही नसे. २०२१ साली सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. नुसती पिंपे न फोडता मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतील कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून द्यावा, असा त्यामागचा विचार. धाड घालणे सोपे. उद्या सकाळी त्या बाईने चूल कशावर पेटवावी, हे सांगणे कठीण. पोलिसांना ते सुचले याचे मला फार कौतुक वाटले.

हातभट्टीला चव नसते. ती चाखण्यासाठी नसतेच. माझे मेहुणे उभ्याउभ्याच पीत, श्वास रोखून, डोळे मिटून, आणि लगेच जिभेवर मीठ. चव लागू नये म्हणूनच ही सगळी धडपड. भाच्याचा घोट जिभेवर रेंगाळतो, कारण त्याला त्यात काहीतरी शोधायचे असते. बापाचा घोट घशाखाली धावे, कारण त्यांना काहीतरी विसरायचे होते. हा फरक मला खरा वाटतो. मात्र तो दिसतो तितका स्वच्छ नाही. द्राक्षारसाचे परीक्षक घोट थुंकून टाकतात. बिअरचे परीक्षक गिळतात. गिळल्यावाचून कडवटपणा पुरता कळत नाही म्हणतात. म्हणजे परीक्षकाच्याही पोटात मद्य जातेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले की आरोग्याला निर्धोक असे मद्याचे प्रमाणच नाही. आणि मद्यासक्ताच्या मुलाला धोका इतरांहून अधिक, हेही वैद्यकशास्त्र सांगते. म्हणून मी भाच्याला आडपडदा न ठेवता विचारले, “तू किती पितोस?”

त्याने खिशातून वही काढली. तारखा, पिंपांचे क्रमांक, गुण. “जेवढं लिहून ठेवतो तेवढंच, मामा. काम संपलं की एक थेंब नाही. बाबांना थांबता येत नव्हतं. मला थांबायचा पगार मिळतो.”

हे उत्तर मला आवडले. तरीही त्यावर मी डोळे झाकून विसंबलो नाही. आमच्या धर्मग्रामात एक गृहस्थ आहेत, चौदा वर्षे न पिता राहिलेले. त्यांना मी हे बोलणे ऐकवले तेव्हा ते मंद हसले. “फादर, तुमच्या भाच्याला चाखता येतं, त्यानं चाखावं. मला चाखताही येत नाही. माझ्यासाठी पहिला थेंब आणि शेवटची बाटली एकच.” ख्रिस्तसभेने ही गोष्ट वेदीपाशीही मान्य केली आहे. ज्या धर्मगुरूला मद्याचा आजार आहे त्याला द्राक्षारसाऐवजी ‘मुस्तुम’, म्हणजे आंबण्याची क्रिया सुरुवातीलाच रोखलेला द्राक्षांचा रस, वापरण्याची परवानगी मिळू शकते; रोमहून १९९५ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये तशा सूचना आल्या. खुद्द चषकापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचीही ही दुर्बलता लक्षात घेतली गेली, हे मला फार माणुसकीचे वाटते.

एक गोष्ट मात्र मला खटकली, आणि ती मी भाच्याला बोलूनही दाखवली. तेथील मोठ्या पेल्याची किंमत पाहिली तर आमच्याकडे विडी वळणाऱ्या बाईची दिवसभराची कमाई तेवढी होत नाही. चांगले मद्य आले की वाईट मद्य आपोआप जाईल, असे काही शिकलेले तरुण म्हणतात. मला ते पटत नाही. तांड्यावरचे गिऱ्हाईक मुंढव्याला जाणार नाही. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, तेव्हाही मुंबईत उत्तम बिअर मिळतच होती. भाचा यावर काही बोलला नाही. त्याच्याकडे याचे उत्तर नव्हते, माझ्याकडेही नाही.

परतल्यावर बहिणीला मी सगळे सांगितले: फरशी धुणे, लोण्याचा वास, सव्वीस गुण, खिशातली वही आणि किमतीचा आकडाही. ती शिवत होती. यंत्र न थांबवता तिने ऐकले. “म्हणजे तो पीत नाही?” मी म्हटले, “चाखतो. लिहून ठेवतो.” ती पुढे काही बोलली नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी भाच्याने आईला फोन केला आणि ज्वारीच्या कण्या किती वेळ शिजवायच्या, ते विचारले. पोराला घरची आठवण झाली असे समजून तिने पाण्याचे माप, आच, मिठाची वेळ, सगळे सांगितले. खरा प्रकार असा होता की त्याला ज्वारी घालून बिअर करायची होती. ज्वारीत साखर करणारे ते पाचक रस जवापेक्षा कमी असतात आणि तिचे पीठ फुलायला उष्णता जास्त लागते. म्हणून ज्वारी आधी निराळी शिजवून मग जवाच्या माल्टमध्ये मिसळावी लागते. आफ्रिकेत हे नवे नाही. दक्षिण आफ्रिकेतील घरोघरच्या बायका ज्वारीची आंबट बिअर पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत, आणि नायजेरियाने १९८८ मध्ये परदेशी माल्टवर बंदी घातली तेव्हा तेथील मोठमोठे कारखाने ज्वारीकडे वळले. त्याने ज्वारी निवडली ती मालदांडी, आमच्या मंगळवेढ्याची. माझे मन येथे थोडे अडखळले. भाकरीच्या धान्याची दारू हा महाराष्ट्रात जुना वाद आहे. २००७ साली शासनाने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण आखले, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता, आणि मीही प्रवचनात त्याविषयी बोललो होतो. एका पिंपाला लागणारी पाच-दहा किलो ज्वारी म्हणजे तो कारखाना नव्हे, हे मला कळते. तरी कणी ती कणीच.

ईस्टरच्या सुट्टीत भाचा घरी आला, तेव्हा एका बाटलीत त्याने ज्वारीचा वर्ट आणला होता. अजून यीस्ट न घातलेला, बर्फात ठेवलेला. त्याने आईपुढे वाटी धरली. तिने आधी वास घेतला, मग बोट बुडवून जिभेला लावले. “हुरड्यासारखं लागतंय,” ती म्हणाली. मग वाटी तोंडाला लावून दोन घोट घेतले. “गोड आहे की. इथंच का थांबत नाही तू?”

“थांबवलं तरी ते थांबत नाही, आई. उघडं ठेवलं की दोन दिवसांत आपोआप फसफसायला लागतं.”

तिने वाटी धुऊन पालथी घातली, बाटलीला झाकण घट्ट बसवले आणि उरलेला रस शेजारच्या मुलांना संध्याकाळच्या आत देऊन टाकला.

ज्वारीची ती बिअर पुढे पिंपातून निघाली. तिची चव बहिणीने घेतलेली नाही आणि घेणारही नाही. रविवारी मिस्सानंतर तो फोन करतो, तेव्हा जेवलास का, झोपलास का, हे विचारून झाल्यावर ती अलीकडे आणखी एक गोष्ट विचारते: या आठवड्यात पन्नासपैकी किती पडले?